ग्रिल नवं घेतलं तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच: किनाऱ्यावरच्या ओट्यातल्या गॅस ग्रिलचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. किहीम-आवासकडे, नाहीतर खाली काशीद-मुरूडच्या पट्ट्यात बंगला असतो. मागच्या बाजूला जांभ्याचा ओटा, वर ग्रॅनाइट आणि त्यात बसवलेलं गॅसचं ग्रिल. पहिला हिवाळा झकास जातो. दुसरा पावसाळा सरल्यावर कव्हर काढलं की झाकणावर तांबूस ठिपके दिसतात, एक बर्नर धरत नाही, दुसऱ्याची ज्योत पिवळी आणि लोळणारी. कुणीतरी घासूनपुसून देतं. पुढच्या वर्षी बर्नरची नळी उचलायला जावं तर मधूनच दोन तुकडे. मग 'माल हलका निघाला' असा निकाल लागतो, दीडपट पैसे मोजून दुसरं ग्रिल येतं आणि दोन पावसाळ्यांनी तेही त्याच वाटेने जातं.

माल हलका असतो हे खोटं नाही, त्याचं पुढे बोलूच. पण नवं ग्रिल त्याच भोकात, त्याच वाऱ्याच्या तोंडी बसणार असेल आणि त्याच बोअरच्या पाण्याने धुतलं जाणार असेल, तर पत्रा कितीही भारी घेतला तरी थोडे महिने वाढतील, एवढंच. म्हणून 'कुठलं ग्रिल घेऊ' या प्रश्नावर माझं पहिलं सांगणं असतं की जुनं भंगारवाल्याला अजून देऊ नका. ते उघडून पाहा. गंज कुठे आलाय आणि कुठे आलेला नाही, यावरून कारण बरंचसं कळतं.

झाकणावर वरवरचे तांबूस डाग

बोटाने चोळलं तर रंग बोटाला लागतो, खाली पत्रा गुळगुळीत असतो, खड्डे नसतात. हे किनाऱ्यावर ३०४ ग्रेडच्या, म्हणजे स्टेनलेसच्या नेहमीच्या चांगल्या प्रकारातल्या, स्टीललाही होतं. लाटांपासून चार-पाच किलोमीटर आतपर्यंत हे डाग दिसू शकतात. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. मिठातलं क्लोराइड तो थर ठिकठिकाणी भेदतं. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ आपोआप ओलं होतं, तसंच पत्र्यावर बसलेलं मीठही हवेतून पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर तुलनेने कोरड्या हवेतही ओलसर राहतं. त्यामुळे आपल्याला पत्रा सुका वाटला तरी मिठाखाली तो सुका नसतो.

इथे पुष्कळांना न पटणारी गोष्ट सांगतो. ज्या भागावर थेट पाऊस पडतो तो भाग कमी गंजतो. पागोळीखाली, शेडखाली, झाकणाच्या खालच्या काठाला जास्त गंज येतो, कारण तिथलं मीठ कधी धुतलंच जात नाही. म्हणजे 'पावसापासून वाचवायला' शेड टाकली की ग्रिल वाचलं, हे अर्धंच खरं. शेड हवीच, ज्योत आणि इलेक्ट्रिकच्या वायरी वाचतात. पण शेड टाकली की पावसाचं काम आपल्याला करावं लागतं, धुवायचं. आणि शेडखाली पुन्हा रेक्झिनचं घट्ट कव्हर चढवून ठेवलं तर आत दमट, खारट हवा कोंडून राहते. कव्हर वापरायचंच तर खालून हवा खेळती राहील असं सैल ठेवा.

डाग काढायला तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि आठ दिवसांत तेच गंजून दिसायला लागतात. मालक म्हणतो स्टील खराब, प्रत्यक्षात गंजलेली असते घासणी. नायलॉनचा स्क्रबर, भांड्यांचं साधं लिक्विड, पत्र्याच्या रेघांच्या दिशेने हात. हट्टी डागांना ऑक्झॅलिक ॲसिड असलेली स्टेनलेस क्लीनरची पावडर चालते, नंतर भरपूर पाणी.

कुठलं पाणी?

"साहेब, रोज धुतो की हो!" बंगल्यावर राखणीला असलेला माणूस असं म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो. नागावात अशाच एका ओट्यावर पाणी सुकल्यावर ग्रॅनाइटवर पांढरी किनार उमटलेली होती. थोडी बोटाने उचलून जिभेला लावली तर खारट. बोअर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती आणि एप्रिल-मेमध्ये तिचं पाणी चांगलंच मचूळ व्हायचं. त्या पाण्याने रोज धुणं म्हणजे रोज मिठाचा नवा हात देणं.

तुमच्याकडे पाणी कसं आहे ते चहा करून कळतंच, पण शंका असेल तर शे-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. आकडा हजाराच्या पुढे जात असेल तर ग्रिल धुवायला ते पाणी वापरू नका. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी, नळयोजनेचं पाणी, अगदी आरओतून येणारं चांगलं पाणी (त्याचं फेकायचं पाणी नव्हे, त्यात क्षार आणखी दाट असतात) कापडावर घेऊन पुसलं तरी पुरे. ऑक्टोबर ते मे पाऊस नसतो तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा तरी हे व्हायला हवं. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं, वाळायला सोडायचं नाही.

झाकण ठीक, पण खालच्या कपाटाची दारं आतून सडलेली

हा गंज समुद्राचा नाही. खारा वारा बाहेरून येतो. दार आतून सडलंय, तर कपाटात काय ठेवलेलं होतं ते आठवा. बहुतेक वेळा उत्तर असतं तरणतलावाच्या क्लोरीनच्या गोळ्यांची बादली. पूल शेजारी, ओट्याखाली मोकळी जागा, मग बादली तिथेच जाते. झाकण घट्ट असलं तरी त्यातून क्लोरीनची वाफ झिरपत राहते आणि बंद कपाटात ती ३०४ काय, त्याहून भारी ३१६ स्टीललाही सोडत नाही. शिवाय क्लोरीनच्या गोळ्या आणि गॅसची जोडणी एकाच कपाटात ठेवणं स्टीलपेक्षा माणसांच्या दृष्टीने जास्त वाईट. बादली तिथून आजच हलवा.

दुसरा गुन्हेगार ॲसिड. फरशी बसवून झाली की शेवटी मिस्त्री सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारतो. ते हायड्रोक्लोरिक असतं. ग्रिल तोवर बसवलेलं असेल तर नुसत्या वाफेने एका रात्रीत सगळ्या पत्र्यावर तपकिरी झाक येते आणि नव्या कोऱ्या ग्रिलबद्दल दुकानदाराशी भांडण जुंपतं. त्यात दुकानदाराची बाजू खरी असते. टॉयलेट धुवायच्या ॲसिडने ओटा धुणारे पण असतात, त्यांना काय म्हणावं. नियम सोपा आहे, फरशीचं, ॲसिडचं, पॉलिशचं सगळं काम संपून दोनदा पाण्याने धुऊन झाल्याशिवाय ग्रिलचं खोकं उघडायचं नाही.

एकच बर्नर रुसलेला

चार बर्नरपैकी तीन नीट पेटतात, एकाची ज्योत अर्ध्या नळीपर्यंतच जाते किंवा पिवळी होते. त्याहून वाईट म्हणजे नॉबच्या मागे, पॅनेलच्या आत भुरकन पेट घेतो. असं झालं तर ताबडतोब गॅस बंद, सिलिंडरचाही, आणि नळी साफ होईपर्यंत पुन्हा पेटवून पाहायचं नाही.

बर्नरची नळी काढा. जेटवर (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीवर) बसणारं तोंड, जिथून गॅसबरोबर हवा ओढली जाते, ते उजेडाकडे धरून आरपार पाहा. पावसाळ्याचे चार महिने बंद पडलेल्या ग्रिलमध्ये तिथे काही ना काही असतंच. कधी कोळ्याचं जाळं. आपल्याकडे जास्त करून कुंभारीण माशीचं घर. तोंडात मातीचा बूच बसवल्यासारखा दिसतो. स्क्रू ड्रायव्हरने फोडला की आत मातीच्या कप्प्यांत एकावर एक कोंबलेले कोळी निघतात, हिरवट, तपकिरी, काहींचे पाय अजून किंचित हलणारे. माशी त्यांना डंख मारून लुळं करते आणि अळीच्या खाण्यासाठी साठवून ठेवते. या बुचामुळे गॅसला हवा मिळत नाही, नळीत पुढे जायला वाट मिळत नाही, मग तो मागे फिरून पॅनेलमध्ये पेटतो. ग्रिल कितीही महाग असलं तरी हे होणार, यात कंपनीचा दोष शून्य.

उपाय बाटली धुवायच्या लांब ब्रशचा. वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिल्यांदा पेटवायच्या आधी. बर्नरची भोकं तारेने कोरू नका, मोठी होतात. पितळी ब्रश आडवा फिरवा. हवेच्या तोंडाला बारीक स्टेनलेस जाळी लावलेली मॉडेलं मिळतात, तशी घेतलीत तर माशी आत शिरत नाही, मात्र जाळीत धूळ बसते म्हणून ती झटकावी लागते.

सगळ्याच ज्योती मंद

इथे ग्रिल निर्दोष असण्याची शक्यता मोठी. एकेक बर्नर वेगळा पेटवला की ज्योत छान, चारही पेटवले की सगळे मान टाकतात, असं असेल तर गॅस पुरत नाही. हिशोब करून पाहा. अमेरिकेतून येणाऱ्या ग्रिलच्या पाटीवर ६०,००० बीटीयू (उष्णतेचं माप, इथे ताशी) असं काही लिहिलेलं असतं. एक किलो एलपीजीतून साधारण ४३ ते ४४ हजार बीटीयू मिळतात. म्हणजे पूर्ण आचेवर ताशी जवळजवळ १.४ किलो गॅस. घरातल्या शेगडीचा मोठा बर्नर तासाला दीड-दोनशे ग्रॅम घेतो. तर सात-आठ मोठ्या बर्नरांचा गॅस आपण एका घरगुती रेग्युलेटरमधून ओढू पाहतोय. शिवाय इतक्या वेगाने गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेर घाम फुटतो, आतल्या द्रवाची वाफ व्हायचा वेग मंदावतो आणि दाब आणखी उतरतो. सिलिंडर अर्धा झाल्यावर हे जास्त जाणवतं.

यावर गावात जो उपाय केला जातो तो भयंकर आहे. कॅटररच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर आणून लावतात. ज्योत जोरात येते, सगळे खूश. पण ग्रिलचे व्हॉल्व्ह, जेट, नळ्या कमी दाबासाठी बनवलेले असतात. अमेरिकन एलपी ग्रिल ११ इंच पाण्याच्या दाबावर चालतं, म्हणजे साधारण २८ ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. आपला घरगुती रेग्युलेटर ३० ग्रॅम देतो. म्हणजे दाब जवळपास जुळलेलाच आहे, कमी पडतो तो पुरवठा. भट्टीचा रेग्युलेटर याच्या कैक पट दाब सोडतो, ज्योत बर्नर सोडून उडते, व्हॉल्व्हची सीलं जातात. बर्नरच्या नळ्या वर्षभरात जळून फाटण्याचं हेही एक कारण, आणि त्याचं खापर पुन्हा स्टीलवर फुटतं. बरोबर उपाय म्हणजे दोन सिलिंडर जोडून, जास्त क्षमतेचा पण कमी दाबाचाच रेग्युलेटर, एजन्सीच्या माणसाकडून बसवून घेणं. बंगला धंदा म्हणून पर्यटकांना भाड्याने देत असाल तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर तिथे चालतच नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट जेटची. ग्रिल नैसर्गिक वायूचं आहे की एलपीजीचं, हे खोक्यावर आणि पाटीवर लिहिलेलं असतं. नैसर्गिक वायूच्या जेटची भोकं मोठी असतात. ते एलपीजीला जोडलं तर हातभर पिवळी ज्योत आणि काजळीच काजळी. उलट केलं तर मेणबत्तीएवढी ज्योत. मुंबई-पुण्यात गच्चीवर पाइप गॅसला ग्रिल जोडणाऱ्यांनी दाबही विचारून घ्यावा, घरगुती पाइप गॅस २१ मिलिबारवर येतो आणि अमेरिकन ग्रिलला त्याच्या निम्म्याच्या आसपास लागतो. म्हणजे कंपनीने सांगितलेला वेगळा रेग्युलेटर हवाच. आणि एलपीजीवर सगळं बरोबर असूनही ज्योतीची टोकं पिवळी राहत असतील तर घाबरू नका. तिकडचं ग्रिल प्रोपेनवर बेतलेलं असतं, आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतं, त्याला हवा थोडी जास्त लागते. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असते, ती थोडी उघडली की ज्योत निळी होते.

नॉब वितळलेले, पॅनेल निळं-जांभळं पडलेलं

हा वारा. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात ते संध्याकाळपर्यंत, म्हणजे नेमके ग्रिल पेटवायच्या वेळेपर्यंत, चालू असतात. आणि ओटा बांधताना प्रत्येकाला हवं असतं की मासे भाजताना समोर समुद्र दिसावा. माणूस पश्चिमेकडे तोंड करून उभा, म्हणजे ग्रिलची पाठ पश्चिमेला. ग्रिलचा धूर आणि गरम हवा बाहेर पडायची फट पाठीमागेच असते. वारा त्या फटीतून आत घुसतो, उष्णता पुढे ढकलतो आणि पॅनेल तापून नॉब विरघळतात, व्हॉल्व्हमधलं ग्रीस सुकतं, इग्निशनच्या वायरी करपतात. ज्योत आडवी होऊन बर्नरच्या एकाच बाजूला झोंबते, नळी तिथेच फाटते. तोच खारा वारा रोज थेट फायरबॉक्समध्ये, म्हणजे बर्नर असतात त्या आतल्या पेटीत, मीठ भरतो ते वेगळं.

ग्रिल बदलून हे सुटणार नाही. ओटा नवीन बांधणार असाल तर ग्रिलची पाठ उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्या, समुद्र मान वळवून पाहा. बांधलेला असेल तर ग्रिलच्या मागे जांभ्याची किंवा जाड काचेची आडभिंत घाला, पण पाठीला चिकटवून नको, कंपनीने सांगितलेलं अंतर सोडून. नाहीतर धूर कोंडतो आणि पुन्हा पुढेच येतो.

आता नवं घेताना

वरचं सगळं तपासून झालं, कारण सापडलं, आणि तरी ग्रिल बदलायची वेळ आलीच असेल तर मी ज्या क्रमाने पाहतो तो सांगतो. दुकानात सगळे आधी झाकण उघडून-मिटून बघतात. मी झाकण शेवटी बघतो.

पहिला बर्नर. तो हातात घ्या. ओतीव पितळेचा किंवा ओतीव स्टेनलेसचा असेल तर उत्तम, पितळ गंजत नाही आणि जाडीही भरपूर असते. नळीचा असेल तर पत्र्याची जाडी विचारा. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२. नुसतं दाबून लवचिक वाटणारी २० गेजची नळी किनाऱ्यावर टिकत नाही. नळीची शिवण कुठल्या बाजूला आहे तेही पाहा, शिवणीपाशीच ती आधी फाटते. बर्नर किती स्क्रू काढून निघतो हेही तिथेच करून बघा. एका पिनेवर निघणारा बर्नर दर दिवाळीला साफ होतो, आठ स्क्रूंचा कुणी काढत नाही.

मग बर्नरवरची उष्णता पसरवणारी पट्टी. सगळ्यात आधी मरणारा भाग हाच. पापलेटला लावलेलं आगळ, मीठ, लिंबू, सगळं तिच्यावर टपकतं आणि तिथेच जळतं. आगळ म्हणजे मिठातलं कोकम, आंबटही आणि खारटही, स्टीलला दोन्ही वाईट. ही पट्टी बदलण्यासाठीच असते असं समजा आणि ती सुटी मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर इथला फॅब्रिकेटर ३०४ च्या पत्र्यातून वाकवून देतो, जुनी पट्टी नमुन्याला न्यायची.

भाजायच्या जाळीच्या सळ्या भरीव हव्यात, ८-९ मिलिमीटरच्या. पोकळ असतील तर आतून सडतात, बाहेरून कळतही नाही. चिनीमातीचा मुलामा दिलेल्या बिडाच्या जाळीवर मासा छान भाजला जातो, पण एक टवका उडाला की गंज तिथून पसरतो. किनाऱ्यावर मी स्टेनलेसच सांगतो.

आता पत्रा. '३०४ आहे' हे दुकानदाराचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. लोहचुंबक जवळ ठेवा, पण तो किती सांगतो ते समजून घ्या. ४३० ग्रेडला चुंबक चिकटतो. त्यात निकेल जवळजवळ नसतं आणि समुद्रापाशी ते लवकर गंजतं. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असं नाही. बाजारात दोनशे सिरीजचं स्टील पुष्कळ फिरतं, २०२, जे-४ वगैरे नावांनी. त्यात महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, चुंबक त्यालाही चिकटत नाही, दिसायला तेच, किनाऱ्यावर मात्र एका पावसाळ्यात रंग दाखवतं. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे एक चाचणीचं रसायन मिळतं, थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की दोनशे सिरीजवर थेंब लाल होतो, ३०४ वर होत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला करायची, बाहेर डाग राहतो. मोठा खर्च असेल तर एक्स-रेच्या हातातल्या यंत्राने ग्रेड तपासून देणारे असतात, मुंबईत आणि तळोज्याच्या बाजूला मिळतात. दुसरी बाजूही सांगतो, वाकवलेल्या कडांवर आणि स्क्रूंवर खऱ्या ३०४ लाही चुंबक किंचित ओढ घेतो, तेवढ्यावरून भांडू नका.

३१६ घ्यावं का? त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, क्लोराइडला ते सहजासहजी दाद देत नाही. अमेरिकेत काही कंपन्या फ्लोरिडासारख्या किनाऱ्यांसाठी ३१६ एल पत्र्याची वेगळी मॉडेलं काढतात. बंगला पहिल्या रांगेत, वाळूला लागून असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर बाहेरचं झाकण, पॅनेल, दारं ३१६ ची घ्या. रस्त्याच्या अलीकडे, नारळीच्या वाडीमागे असाल तर खरं ३०४ पुरे, उरलेले पैसे बर्नरवर घाला. आतल्या फायरबॉक्ससाठी ३१६ चा हट्ट धरण्यात अर्थ नाही, तिथे प्रश्न मिठापेक्षा उष्णतेचा आणि जाडीचा असतो.

पत्रा ३०४ आणि स्क्रू साधे लोखंडी, हा प्रकार सर्रास आढळतो. झाकणावरून खाली ओघळलेली गंजाची रेघ कुठल्या स्क्रूपाशी सुरू होते ते जुन्या ग्रिलवर पाहा, खात्री पटेल. नवं आलं की दिसतील तेवढे स्क्रू ३१६ चे करून घ्या, खर्च किरकोळ. इथे वेल्डिंग करून चौकट बनवून घेत असाल तर वेल्डभोवतीचा निळा-काळा पट्टा पिकलिंग पेस्टने काढून, नीट धुऊन द्यायला सांगा. फॅब्रिकेटर नुसता बफ मारून चमकवतो, दोन महिन्यांत तिथूनच तांबडं होतं.

वॉरंटीच्या कागदावर 'लाइफटाइम' मोठ्या अक्षरात असतं. खाली बारीक अक्षरांत समुद्राची हवा, क्लोरीन आणि चुकीची सफाई यांनी आलेला गंज वगळलेला असतो. ती ओळ आधी वाचायची.

भोक आणि कपाट

ओटा आधी बांधून मग त्याला बसेल असं ग्रिल शोधणं, ही उलटी गंगा. प्रत्येक कंपनीचं कटआउटचं माप वेगळं, तेही इंचात. आणि पाच-सात वर्षांनी तेच मॉडेल मिळेल याची खात्री कुणीच देत नाही. ग्रॅनाइट अगदी मापात कापून ग्रिल त्यात ठोकून बसवलंत तर पुढच्या वेळी दगड फोडावा लागतो. भोक दोन्ही बाजूंनी थोडं सढळ ठेवा आणि फट झाकायला सुटी स्टीलची पट्टी करा. पट्टी बदलता येते, दगड नाही. शिवाय तापून ग्रिल फुगतं, दगडाला टेकलेलं असेल तर कोपऱ्यातून चीर जाते, कडप्प्याचे तर पापुद्रे सुटतात.

एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली की खाली साचते. म्हणून कपाटाला जमिनीलगत, समोरासमोरच्या दोन भिंतींत झरोके हवेत, आणि वरही. ओट्याच्या सुबकपणापायी हे झरोके गाळले जातात. दार बंद, आत गॅस साचलेला आणि वर कुणीतरी लायटर ओढतो. यात तडजोड नाही. सिलिंडर ओट्याच्या बाहेर, सावलीत, उभा ठेवून आत फक्त नळी आणता आली तर सगळ्यात बरं. रबरी नळी तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्या, पाच वर्षांनी बदला, आणि त्याआधीही उंदराने कुरतडलीय का ते पाहत जा, बंद बंगल्यात तो येतोच. गळती साबणाच्या फेसाने तपासायची, काडी ओढून नव्हे.

इग्निशनबद्दल फार लिहीत नाही. किनाऱ्यावर ते सगळ्यात आधी बंद पडतं. सेल पावसाळ्याआधी काढून ठेवा, आणि लांब लायटर जवळ असू द्या.

नवं ग्रिल घ्याल त्याच दिवशी एक जादा बर्नरचा संच, पट्ट्या आणि एक व्हॉल्व्ह मागवून घरात कोरड्या जागी ठेवा. नंतर मागवले की भाग एकतर मिळत नाहीत किंवा जहाजाची वाट पाहण्यात हंगाम जातो.

आणि वर्षातून तीन-चार शनिवार-रविवारच बंगल्यावर जाणं होत असेल तर ओट्यात बसवायचा नाद सोडा. त्याच पैशात चांगल्या बर्नरचं चाकांवरचं ग्रिल येतं, ते मेच्या शेवटी ढकलत घरात नेता येतं आणि दसऱ्याला बाहेर काढता येतं. ओट्यावर तेवढीच जागा मोकळी सोडा, मासे साफ करायला उपयोगी पडते.